दातातलं सिमेंट पडतं का?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कमिटीने मला विषय दिला होता 'दातांची निगा'. पण दोन वेळा ब्रश करा, गोड कमी खा, रात्री चूळ भरून झोपा, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. ते परत सांगून तुमचा रविवार घालवायचा नाही, म्हणून मी थोडी सवलत घेते आणि लिफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्नच आज विषय म्हणून घेते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं उत्तर देऊन होत नाही. प्रश्न असा असतो: "डॉक्टर, दाढेत सिमेंट भरलं होतं, सहा महिन्यांत पडलं. मटेरियल हलकं वापरलं असेल का हो?"

मटेरियलवर आळ घेणं सोपं असतं. माझ्या अनुभवात मात्र मटेरियल क्वचित दोषी निघतं. खळगा नीट स्वच्छ झालेला नसतो, चावताना दाब वाकडा पडत असतो, अशी इतरही कारणं असतात. पण आज ज्या कारणाबद्दल बोलणार आहे ते इतकं साधं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. भरण्याच्या वेळी दाताचा पृष्ठभाग ओला किंवा मळलेला होता. कशाने मळलेला? तर बहुतेक वेळा आपल्याच लाळेने.

आधी 'सिमेंट' या शब्दाचा गोंधळ सोडवू. दाढेत जे काही भरतात त्याला आपण सरसकट सिमेंट म्हणतो. प्रत्यक्षात आपल्याकडे मुख्यतः तीन वेगळ्या गोष्टी वापरल्या गेल्या. पहिली चांदी, म्हणजे अमाल्गम. इथल्या सत्तरीच्या पुढच्या बऱ्याच मंडळींच्या दाढेत ती अजून असेल. पारा आणि चांदी, कथील, तांबं यांची भुकटी एकत्र घोटून ती होते. ही चांदी स्वतःहून दाताला चिकटत नाही. म्हणून खळगा लोट्यासारखा कोरायचा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे घट्ट झालेली चांदी बाहेर येऊच शकत नाही. त्यासाठी दाताचा चांगला भागही कापावा लागायचा. पण चांदीचा एक मोठा गुण होता. थोडा ओलावा ती खपवून घ्यायची. पुढे पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तिचा वापर जगभर कमी होत गेला. 2013 च्या मिनामाता करारात त्याची नोंदच आहे.

दुसरी गोष्ट ग्लास आयोनोमर. 1972 मध्ये इंग्लंडमधल्या विल्सन आणि केंट या दोघांनी ती जगापुढे मांडली. खरं 'सिमेंट' म्हणायचं तर हेच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दाताच्या रंगाचं, निळ्या दिव्याने कडक करतात ते कंपॉझिट. आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडात हेच जातं. याला खळगा लोट्यासारखा कोरावा लागत नाही, कीड लागलेला भाग काढला की पुरतं, कारण हे दाताला चिकटतं. आता जी वस्तू कोंबून बसवलेली नसून चिकटवलेली असते, तिचं सगळं आयुष्य कशावर ठरणार? ज्यावर चिकटवली त्या पृष्ठभागावर.

सायकलचं पंक्चर काढताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पंक्चरवाला ट्यूबचा तेवढा भाग पुसतो, पॉलिश पेपरने घासून खरखरीत करतो, सोल्युशन लावतो आणि थांबतो. पोरं घाई करतात, "काका, लावा ना." तो लावत नाही. सोल्युशन सुकलं की मगच पॅच ठेवून दाबतो. घासलेल्या जागी कुणी बोट लावलं तर परत घासतो. आम्ही दंतवैद्य पाच वर्षं शिकून जे करतो ते तत्त्वतः हेच आहे, फक्त आमची ट्यूब पाण्यात बुडालेली असते आणि ती पाण्याबाहेर काढता येत नाही.

दाताचं वरचं पांढरं कवच, इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यावर प्लास्टिकसारखं रेझिन नुसतं लावलं तर ते काही तासांत निघून येतं. 1955 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने एक गोष्ट हेरली. कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्याने तेच दातावर करून पाहिलं, 85 टक्के आम्ल, तीस सेकंद. त्यानंतर चिकटवलेलं अॅक्रिलिक कित्येक पटींनी जास्त टिकलं. आजचं सगळं चिकटवण्याचं दंतशास्त्र तिथून सुरू झालं. पुढे 1962 मध्ये राफेल बोवेन याने ज्या रेझिनचं पेटंट घेतलं, त्याची भावंडं अजून आमच्या ट्रेमध्ये असतात.

आता तुम्ही खुर्चीत असता तेव्हा डॉक्टर एक निळं जेल लावतात ना, ते हेच आम्ल, आता 37 टक्क्यांच्या आसपास. इनॅमलवर पंधरा ते तीस सेकंद, मग धुवायचं आणि हवा मारायची. नीट झालं असेल तर चकचकीत इनॅमल दुधी काचेसारखं, खडूसारखं पांढरं दिसतं. म्हणजे त्यावर लक्षावधी सूक्ष्म छिद्रं तयार झाली आहेत. बाँडिंगचं पातळ द्रावण या छिद्रांत मुळांसारखं उतरतं, दिव्याने तिथेच कडक होतं आणि त्यावर कंपॉझिट बसतं. ही मुळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास खोल जातात. एवढ्याशा मुळांवर तुमची दाढ सुपारी फोडते. सुपारी फोडू नका, पण फोडता म्हणून सांगते.

गंमत अशी की या खडूसारख्या पृष्ठभागाला जो स्पर्श करेल ते तो शोषून घेतो. बाँडिंगसाठीच त्याला तसा केलेला असतो. पण बाँडिंग पोचण्याआधी लाळ पोचली, तर तो लाळ शोषतो. लाळ जवळजवळ सगळी पाणीच असते हे खरं, पण उरलेल्या अंशात प्रथिनं असतात आणि ती काही सेकंदांत दाताला धरून बसतात. छिद्रांच्या तोंडावर पातळ साय आल्यासारखं होतं. लोक म्हणतात, "मग चूळ भरली की जाईल ना?" नाही जात. दुधाचं पातेलं नुसत्या पाण्याने विसळून पाहा, ओशट राहतं की नाही? तसंच. अशा वेळी इनॅमल परत आम्लाने काही सेकंद उघडं करून पुन्हा धुवावं, सुकवावं लागतं. लक्षात आलं तर हे काम एक-दोन मिनिटांचं आहे. लक्षात आलं नाही, किंवा येऊनही पुढे गेलं, तर वरून फिलिंग अगदी सुंदर दिसतं. तुम्ही आरशात पाहता, खूश होऊन घरी जाता.

रक्ताचं तर याहून वाईट. हिरडीच्या कडेला खळगा असेल आणि हिरडी सुजलेली असेल, तर नुसती हवा मारली तरी रक्त येतं. म्हणून काही वेळा डॉक्टर म्हणतात, "आज फिलिंग नको. आधी क्लीनिंग करू, हिरडी बरी होऊ दे, आठ-दहा दिवसांनी या." यावर आपल्या सोसायटीतच मी ऐकलेलं मत असं की हा दोनदा पैसे काढायचा धंदा आहे. काही ठिकाणी असेलही, मी जगाची जामीन राहत नाही. पण रक्त येणाऱ्या हिरडीला लागून त्याच दिवशी कंपॉझिट भरून देणाऱ्यापेक्षा थांबा म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि जे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, आपल्या मनाने गोळी मात्र एक दिवसही बंद करू नये.

आता जरा आत जाऊ. इनॅमलच्या खाली डेंटिन. यात खनिज सुमारे 70 टक्के, बाकी कोलॅजनचे तंतू आणि पाणी. डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात आणि त्यातून आतून पाणी झिरपत असतं, म्हणजे इथे ओल आतूनच येते. 1982 मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवून दिलं की रेझिन या तंतूंच्या जाळीत शिरतं आणि दात व रेझिन यांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो. आता इथे खरी कसरत आहे. लाळ चालत नाही, पण निळं जेल धुतल्यावर डेंटिन पार वाळवूनही चालत नाही. उकडलेल्या शेवया कोरड्या झाल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतो, तसे ते तंतू बसतात, मग रेझिनला आत शिरायला जागाच राहत नाही. म्हणून धुतल्यावर थोडी दमट, पण पाणी न साचलेली अवस्था साधावी लागते. म्हणूनच डॉक्टर कधी कधी हवा मारता मारता मध्येच थांबून नुसते बघत बसतात. काम विसरले असं समजू नका.

लाळ आणि रक्त सोडून आणखीही उपद्व्याप आहेत. आमच्या कॉम्प्रेसरच्या हवेतून तेलाचा अंश आला तर तोही थर बिघडवतो, म्हणून कॉम्प्रेसरची निगा हा आमच्या घरचा विषय. दात पांढरे करून घेतले असतील तर त्यानंतर साधारण दोन आठवडे तिथे फिलिंग टाळतात, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिन कडक होऊ देत नाही. आणि एक आपल्या घराघरातलं, लवंगेचं तेल. दाढ दुखली की कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून खळग्यात ठेवायचा, ही आपली जुनी रीत. दुखणं थोडं कमी होतं, खोटं नाही. त्यातल्या युजेनॉलमुळेच ते होतं आणि आम्हीही तात्पुरत्या फिलिंगमध्ये युजेनॉल वापरत आलो. पण हेच युजेनॉल कंपॉझिट कडक होण्यात अडथळा आणतं. शिवाय तेल हिरडीवर सांडलं तर हिरडी भाजते, मग तिथून रक्त. तेव्हा बोळा ठेवला असेल तर ठेवला असं डॉक्टरांना सांगा, लाजू नका. तात्पुरतं काय भरायचं, खळगा कसा साफ करायचा, हे त्यावरून ठरतं.

मग हा ओलावा रोखायचा कसा? माणसाला दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तोंड उघडून खुर्चीत बसलं की ती जास्तच सुटते. नुसत्या श्वासाने आमचा छोटा आरसा धुरकट होतो, तशी ती वाफ दातावरही बसते. यावरचा उत्तम उपाय 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने काढला, रबर डॅम. रबराचा एक पातळ चौकोन, त्याला भोक पाडायचं, दात त्या भोकातून वर काढायचा, चिमट्याने अडकवायचं. दात बाहेर, तोंड आत. दीडशेहून जास्त वर्षं झाली, याच्या तोडीचं काही आलेलं नाही.

पण लोकांना तो आवडत नाही. "जीव गुदमरतो", "गळ्यात काही गेलं तर?" खरं तर गळ्यात काही जाऊ नये म्हणूनही तो असतो. नाक चोंदलेलं असेल तर मात्र त्रास होतो, तेव्हा सर्दी असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला, आम्हाला राग येत नाही. रबराची अॅलर्जी असेल तर सांगा, दुसऱ्या प्रकारचा मिळतो. काही दातांवर तो बसतच नाही. तिथे कापसाच्या गुंडाळ्या, थुंकी ओढणारी नळी आणि शेजारी एक तयार मदतनीस यावर काम चालतं, आणि चांगलंही होतं. फक्त चार हात लागतात. एकट्या डॉक्टरने एका हातात आरसा, दुसऱ्या हातात नळी धरून मागच्या दाढेत कंपॉझिट भरणं ही सर्कस आहे, आणि सर्कशीचा निकाल सहा महिन्यांनी लागतो.

इथे तुमचीही थोडी मदत लागते. निळं जेल लागल्यापासून दिवा मारून होईपर्यंतची दोन-तीन मिनिटं ही सगळ्या कामातली सगळ्यात नाजूक. नेमकं त्याच वेळी पेशंट हाताने खुणा करतो, चूळ भरायची आहे. किंवा फोन वाजतो आणि मान वळते. आणि जीभ! जीभ ही सोसायटीतल्या चौकस माणसासारखी असते. कुणाकडे काही नवीन काम निघालं की जाऊन बघून आल्याशिवाय तिला चैन पडत नाही. खळग्याला जिभेचं टोक लागलं की सगळं पहिल्यापासून. त्रास होत असेल तर जेल लावण्याआधी सांगा, तेव्हा थांबता येतं.

एवढा आटापिटा कशासाठी, पडलं तर परत भरू, असं कुणाला वाटेल. पडलेलं फिलिंग परवडलं, असं मी म्हणते. ते निदान सांगून जातं. धोका त्या फिलिंगचा, जे एका कडेने सुटलेलं असतं आणि तरी जागेवर बसून असतं. केसाहून बारीक फट पडते. केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन, जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास. त्याला ती फट म्हणजे हायवे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय झालं ते आपण जाणतोच. ऐन मे अखेरीस, ओलसर स्लॅबवर, घाईघाईत केमिकल मारलं गेलं. वरून वर्षभर सगळं गुळगुळीत दिसत होतं, आणि शेवटच्या मजल्यावरच्यांच्या छताला पोपडे. दाताचंही तसंच. खाली कीड पसरत राहते, आणि दुखायला लागेपर्यंत ती नसेपर्यंत पोचलेली असते. मग हजाराच्या कामाचं रूट कॅनल आणि कॅप होतं. म्हणून फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ दिसली, फ्लॉसचा दोरा तिथे अडकून फाटायला लागला, किंवा गार-गोड लागून कळ यायला लागली, तर पडण्याची वाट पाहू नका.

आता घरातल्या लहानांबद्दल. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांत कीड शिरू नये म्हणून रेझिनचं सीलंट लावतात. पण दाढ अर्धीच वर आलेली असते, मागच्या बाजूला हिरडीची झालर असते, मूल चुळबुळ करत असतं आणि सगळीकडे लाळ. अशा दाढेवर रेझिन लावणं म्हणजे पावसात पोस्टर चिकटवणं. तिथे आधी ग्लास आयोनोमर लावून वेळ मारून न्यावी आणि दाढ पूर्ण वर आली, मूल थोडं समजूतदार झालं की रेझिनचं पाहावं, असं माझं मत आहे. ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं, त्याला दात खडखडीत कोरडा लागत नाही आणि ते फ्लोराइडही सोडतं. ते कंपॉझिटइतकं मजबूत नाही, दिसायलाही तेवढं बेताचं. पण शाळांच्या शिबिरांत, वर्गातल्या बाकावर, पंख्याखाली, थुंकी ओढायची नळी नसताना कंपॉझिट भरलेलं मी पाहिलं आहे. हेतू चांगला असतो, मुलांच्या दातांचं मात्र नुकसान होतं. तिथे ग्लास आयोनोमरच योग्य.

ज्येष्ठांचंही असंच. हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात. तिथे इनॅमल नसतंच, आणि कीड हिरडीला अगदी लागून. त्या जागी डॉक्टर म्हणाले, "इथे पांढरं शुभ्र नको, ग्लास आयोनोमर भरू," तर स्वस्तातलं देऊन बोळवण करतात असं समजू नका. ओल्या जागेची ओळख असलेला डॉक्टरच असं सुचवतो. विचारायचंच असेल तर मटेरियलच्या कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा, "ही जागा कोरडी राहील ना, रबर डॅम लावणार का?" असं विचारा.

व्याख्यानानंतर बरेच प्रश्न आले, त्यातले दोन देते. एकांनी विचारलं, तयार कॅप बसवतानाही लाळेची अडचण येते का? येते. कॅप आधी तोंडात घालून माप बघतात, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला लाळ लागते. झिर्कोनियाच्या कॅपला तर लाळेतले फॉस्फेट घट्ट धरतात, म्हणून चिकटवण्याआधी ती आतून पुन्हा साफ करावी लागते. डॉक्टर कॅप घेऊन पाच मिनिटं आत गेले तर त्यासाठीच गेलेत.

दुसरा प्रश्न डी विंगमधल्या एका काकूंचा होता. फिलिंगनंतर जेवायचं कधी? कंपॉझिट दिव्याने तिथल्या तिथे कडक होतं, तेव्हा फक्त बधिरपणा उतरेपर्यंत दोन-तीन तास थांबा, नाहीतर गाल चावला जातो. ग्लास आयोनोमर असेल तर त्या दिवशी त्या बाजूने कडक काही नको. त्यावर डॉक्टर व्हॅसलिनसारखं काहीतरी लावून पाठवतात, ते पहिल्या काही तासांत पाणी लागू नये म्हणून असतं. ते जिभेने चाटून काढू नका. वरणभात चालेल, काकू. चकली दुसऱ्या दिवशी.